रकान्याचा प्रकार ठरवण्याआधीची तयारी

कोथरूडमधल्या एखाद्या सोसायटीच्या मेंटेनन्सचं सॉफ्टवेअर तुमच्याकडे आलं असेल, तर मॉडेलची फाइल (डेटाबेसच्या टेबलाशी जोडलेला कोड) उघडण्याआधी सेक्रेटरींकडून सभासदांची वही आणि गेल्या वर्षाचं पावतीपुस्तक मागून घ्या. कुणीतरी उतरवून दिलेली एक्सेल शीट नको, मूळ वहीच हवी. शीटमध्ये रकाने आधीच नीटनेटके झालेले असतात आणि आपल्या कामाचं जे असतं ते वहीतल्या खाडाखोडीत राहून जातं. फ्लॅट नंबरच्या जागी ‘ब/१२ व १३ जोडून’, फोनच्या जागी एकाखाली एक दोन नंबर, जन्मतारखेच्या जागी नुसतं साल. वीस-पंचवीस पानं चाळलीत की निम्मे प्रकार, म्हणजे कुठल्या रकान्यात मजकूर, कुठे संख्या, कुठे तारीख, तिथेच ठरतात.

मग प्रत्येक रकान्याला विचारा, याची बेरीज-वजाबाकी मी कधी करणार आहे का? नसेन करणार, तर अंकांत लिहिलेली ती गोष्ट संख्या नाही. ४११०३८ हा पिन कोड, मोबाइल, आधार, वीजबिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक, ही सगळी अंकांत लिहिलेली नावं आहेत. स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, म्हणून ठेवा.

हे ठासून सांगतोय, कारण इथेच मी सपशेल चुकलो होतो. फोनचा रकाना इंटिजर (पूर्णांक) केला आणि चाचणीला ऑफिसचा लँडलाइन नंबर टाकत राहिलो. ०२० मधलं पहिलं शून्य गळलं, उरले दहा अंक, त्यामुळे ‘दहा अंक हवेत’ ही तपासणी पास. वर तो आकडा २०२ कोटींच्या घरातला, आणि ३२ बिटी इंटिजरमध्ये २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ पर्यंत मावतं. सगळं हिरवं दिसलं. मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होतात, म्हणजे कमीत कमी ६०० कोटी. पहिल्याच रविवारी सभासद नंबर भरायला बसले आणि एकाचाही मोबाइल सेव्ह होईना. मी घाईत रकाना बिगइंट (मोठे पूर्णांक मावणारा प्रकार) केला. एरर थांबली, पण गेलेली शून्यं गेलीच. एका काकूंनी मुलाचा बंगळुरूचा ०८० चा लँडलाइन दिला होता. शून्य गेल्यावर तो ८० ने सुरू होणारा मोबाइलच दिसायला लागला. असे नंबर ओळखायचे कसे? शेवटी वही घेऊन एकेक नंबर पुन्हा टाकला.

पैशांसाठी फ्लोट (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) अजिबात नको. ०.१ आणि ०.२ ची बेरीज फ्लोटमध्ये नेमकी ०.३ येत नाही, आणि ऑडिटर एका पैशाचा फरकही सोडत नाहीत. डेसिमल (दशांश नेमके साठवणारा प्रकार) घ्या, पण एकूण अंक किती हे आधी कागदावर मांडा. एकूण १० आणि दशांशानंतर २ ठेवलेत तर दहा कोटींची रक्कम त्यात बसत नाही. महिन्याच्या बिलाला ते खूप झालं, पण पुनर्विकासाचा हिशोब याच टेबलात येणार असेल तर अपुरं पडेल. व्याजाचे पैसे प्रत्येक बिलावर पूर्णांकात आणायचे की एकूण रकमेवर, हे खजिनदारांना विचारून लिहून ठेवा.

हो-नाहीच्या रकान्यांवर जास्त वेळ द्या. ‘फ्लॅट भाड्यानं दिलाय का?’ याला हो, नाही आणि ‘अजून विचारलं नाही’ अशी तीन उत्तरं असू शकतात. तिसरं चालणार नसेल तर नल (रिकामी किंमत) बंद करा आणि डिफॉल्ट (काही न भरल्यास धरायची किंमत) द्या. रेल्समध्ये (रुबी भाषेतलं वेब फ्रेमवर्क) बुलियन, म्हणजे हो-नाहीच्या, रकान्याला स्ट्रिंग दिली तर ‘०’, ‘एफ’, ‘फॉल्स’, ‘ऑफ’ अशा इंग्रजीतल्या मोजक्या रूपांनाच तो खोटं मानतो, रिकामी स्ट्रिंग नल होते आणि बाकी सगळं खरं. म्हणजे शीटमधून थेट आयात केलेला ‘नाही’ हा शब्द ‘हो’ होऊन बसतो, आणि स्वतःच्या घरात राहणाऱ्यांना नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (भाड्यानं दिलेल्या फ्लॅटवरचा जादा आकार) लागतो. आयातीत हे शब्द स्वतः तपासा. मराठी कीबोर्डवरून आलेल्या अंकांचंही तसंच. पायथन भाषेतला इंट (मजकुराची संख्या करणारा) मराठीतला ‘४५’ बरोबर वाचतो, रुबीतल्या त्याच कामाच्या टू-आयला त्याचं शून्य दिसतं, आणि एररही येत नाही.

तारीख आणि वेळ वेगळ्या ठेवा. बिलाची मुदत ही तारीख, पैसे जमा झाल्याचा क्षण ही तारीख-वेळ. १ एप्रिलला रात्री दोन वाजता कुणी यूपीआयनं भरणा केला तर यूटीसीत (आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत) तो ३१ मार्च, रात्री साडेआठ असा साठतो. अहवालाची क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) थेट त्या रकान्यावर चालली तर ती रक्कम गेल्या आर्थिक वर्षात जाते.

नावांची लांबी डोळ्यानं मोजू नका. ‘पिंपरी-चिंचवड’ मधल्या रेघेसकट डोळ्याला आठ खुणा दिसतात, डेटाबेसला तेरा, कारण तो वेलांट्या आणि अनुस्वारही वेगळे मोजतो.

आता क्लासकडे, म्हणजे मॉडेलच्या कोडकडे. जँगोत (पायथनचं वेब फ्रेमवर्क) रकान्याचा प्रकार क्लासमध्ये लिहितो आणि मायग्रेशन (टेबलात बदल करणारी फाइल) त्यावरून बनतं. रेल्स तो डेटाबेसच्या स्कीमावरून (टेबलांच्या रचनेवरून) उचलतं. रेल्स ५.० पासून, म्हणजे २०१६ पासून, ‘अ‍ॅट्रिब्यूट’ लिहून क्लासमध्ये वेगळा प्रकार सांगता येतो, पण त्यानं टेबलातला कॉलम बदलत नाही. त्यामुळे दोन्हीकडचा प्रकार शेजारी शेजारी ठेवून वाचा. जँगोत आणखी एक जपा: ऑब्जेक्टला स्ट्रिंगमध्ये ‘५००’ दिलेत तर फुल-क्लीन (जँगोची पूर्ण तपासणी) होईपर्यंत किंवा नोंद डेटाबेसमधून पुन्हा वाचेपर्यंत ती स्ट्रिंगच असते, सेव्ह केल्यानंतरसुद्धा.

सगळ्यात शेवटी एका फुलस्केपवर प्रत्येक रकान्याखाली वहीतल्या पाच खऱ्या किमती लिहा, त्यातली एक मुद्दाम विचित्र निवडा, आणि तो कागद घेऊन सेक्रेटरींकडे जा. ते कुठे अडखळतात, ‘अहो, हे असं नसतं’ कुठे म्हणतात, ते पेन्सिलनं तिथेच लिहून घ्या. मायग्रेशन त्यानंतर चालवा.