गढूळ होणारा गोड आइस टी
अटलांटाला आल्यापासून इथला गोड आइस टी मी घरीच करते. मात्र फ्रिजमधला चहा सकाळी गढूळ दिसे आणि वरून घातलेली साखर तळाशी तशीच बसलेली असे. चहातील टॅनिन (तुरटपणा देणारे द्रव्य) आणि कॅफीन एकदम थंड होताना एकत्र येऊन हा गढूळपणा आणतात, हे कळल्यावर, ती पाण्यात जास्त उतरू नयेत म्हणून मी आपल्या सवयीप्रमाणे चहा खळखळ उकळणे सोडले. आता गॅस बंद करून एक लिटर उकळत्या पाण्यात सहा पिशव्या पाचच मिनिटे ठेवते, न पिळता काढते, पाऊण वाटी साखर आणि अगदी कणभर खाण्याचा सोडा गरम असतानाच विरघळवते, आणि भांडे ओट्यावर पुरते निवल्यावरच फ्रिजमध्ये ठेवते. तरीही गढूळ झालाच, तर थोडे उकळते पाणी ओतताच तो निवळतो.