रोलर ब्लाइंड: चौकटीच्या आत की बाहेर?

आमच्या बेडरूमची खिडकी पश्चिमेला, दुपारी ३ नंतर ऊन थेट उशीवर. रोलर ब्लाइंड, म्हणजे नळीवर गुंडाळला जाणारा कापडी पडदा, घ्यायचं ठरलं, पण बसवायचं कुठे यावर घोडं अडलं.

दुकानदार म्हणाला, "आतच बसवा साहेब, फिनिशिंग छान दिसतं." दिसतं खरं. पण आमची स्लायडिंग खिडकी तीन ट्रॅकची, जाळीसकट. तिच्यापुढे जेमतेम २ इंच जागा उरते, त्यात जाळीच्या पल्ल्याचं हँडल पुढे आलेलं. कापड खाली आलं की त्यालाच घासणार. शिवाय रोलरचं कापड ब्रॅकेटच्या मापापेक्षा थोडं अरुंदच असतं, म्हणजे दोन्ही कडांना उजेडाची फट. हॉलमध्ये चालेल, झोपायच्या खोलीत नाही.

म्हणून बाहेर, भिंतीवर. दोन्ही बाजूंना ३-३ इंच जास्त, वर ४ इंच. (आतच बसवायचं असेल तर रुंदी वर, मध्ये, खाली मोजा आणि सगळ्यांत कमी भरेल ती धरा. आपल्याकडचं प्लास्टर कुठे सरळ असतं!)

खरा घाम काढला तो लिंटेलने, म्हणजे खिडकीवरच्या काँक्रीटच्या आडव्या पट्ट्याने. साधं ड्रिल प्लास्टर खाऊन काँक्रीटवर नुसतं गरगरत राहिलं. शेजारच्या काकांचं हॅमर ड्रिल आणलं, ६ एमएमचं बिट लावलं, भोकातली धूळ फुंकून काढली आणि मग गट्टी ठोकली. धूळ राहिली तर गट्टी पूर्ण आत जात नाही.

ब्लाइंड वर-खाली करायची साखळी क्लिपने भिंतीला ताणून बसवली आहे. घरात लहान मूल असेल तर हे टाळू नका. लोंबती साखळी गळ्यात अडकू शकते.