कुंडीतली भाजी: आधी ऊन, मग माती, आणि पाणी बोटाने मोजून

कुंड्या आणण्याआधी सुट्टीचा एक दिवस फक्त ऊन बघण्यात घालवा. बाल्कनीत किंवा गच्चीवर ऊन कधी येतं, कुठे पडतं आणि कधी जातं, ते दर तासाला टिपून ठेवा. सहा तास थेट ऊन मिळत असेल तर टोमॅटो, मिरची, वांगी खुशाल लावा. तीन-चार तासच मिळत असेल तर मेथी, पालक, कोथिंबीर, पुदिना. कमी उन्हात टोमॅटो नुसता उंच वाढतो, फळ धरत नाही, आणि आपण उगाच खत बदलत बसतो.

पालेभाजीला ६ ते ८ इंच खोली पुरते. टोमॅटोच्या एका रोपाला मात्र निदान १५ ते २० लिटरची कुंडी हवी. जुनी बादली, फळांचा क्रेट, काहीही चालतं, फक्त रंगाचे किंवा रसायनांचे डबे नकोत. तळाला करंगळीएवढी चार-पाच भोकं पाडा. तळाशी खडीचा थर घालायची सवय मात्र सोडा. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, ते वरच अडून राहतं आणि मुळांची जागाही कमी होते. भोकावर जाळीचा तुकडा पुरे. भिजलेली २० लिटरची कुंडी वीस किलोंच्या पुढे सहज जाते, म्हणून ती कठड्यावर कधीही ठेवू नका.

नुसती बागेतली माती कुंडीत दगडासारखी घट्ट बसते. माती, भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चांगलं कुजलेलं कंपोस्ट समप्रमाणात मिसळा. ओलसर मिश्रण मुठीत दाबलं की गोळा व्हावा आणि बोट लावताच तो फुटावा. कुंडी भरताना वर दोन बोटं जागा सोडा.

आता लावणी. धण्याच्या एका दाण्यात दोन बिया असतात, म्हणून लाटणं हलकेच फिरवून दाणा दुभंगवा, पण चुरा होऊ देऊ नका. रात्रभर भिजवून अर्धा इंच खोल पेरा. उगवायला दहा-पंधरा दिवस लागतात, तोवर माती उकरून बघू नका. कोथिंबिरीला जागा बदललेली मानवत नाही, त्यामुळे जिथे वाढवायची तिथेच पेरा. पुदिन्याची काडी खालची पानं काढून पाण्यात ठेवली की आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं दिसतात. त्याला स्वतंत्र कुंडी द्या, नाहीतर तो शेजाऱ्याची जागा बळकावतो. टोमॅटोचं रोप खालची पानं खुडून खोडासकट खोल लावा, पुरलेल्या खोडालाही मुळं फुटतात. आधाराची काठी त्याच दिवशी रोवा, नंतर रोवली तर मुळं दुखावतात.

सगळ्यात जास्त झाडं पाण्यानेच जातात. माझ्या पहिल्या मिरचीची पानं लोंबायला लागली, म्हणून मी पाणी वाढवलं. आठवड्याने रोप उपटलं तर मुळं तपकिरी, बुळबुळीत आणि कुबट वासाची. तहानेनेही पान लोंबतं आणि मुळं कुजल्यानेही, हे तेव्हा कळलं. तेव्हापासून मी रोज सकाळी मातीत दोन पेरांपर्यंत बोट घालते. खाली ओल लागली तर पाणी नाही. कोरडं लागलं तर तळातून पाणी निथळेपर्यंत घालायचं. अधूनमधून थोडं थोडं शिंपडलं तर मुळं वरवरच राहतात. कडक उन्हात टोमॅटोच्या कुंडीला संध्याकाळी दुसऱ्यांदा बोट लावून बघावं लागतं.

टोमॅटोच्या फळाच्या तळाशी काळा, दबलेला डाग पडला तर तो बहुतेक वेळा याच अनियमित पाण्याचा परिणाम असतो. मुळांना कॅल्शियम उचलायला जमत नाही, म्हणून आधी पाण्याची वेळ सांभाळा.

निथळणाऱ्या पाण्याबरोबर अन्नही वाहून जातं. दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत वरच्या थरात मिसळा. फुलं आली की दुपारच्या आत टोमॅटोच्या फांदीला हलकी टिचकी मारा, परागकण झडून फळधारणा सुधारते. मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारे बारीक किडे, दिसला तर पानांच्या खालच्या बाजूला पाण्याची जोरदार धार मारा, सुरुवातीला एवढंच पुरतं.

काढणीत हात आखडू नका. पुदिना पानांच्या जोडीच्या जरा वर कापला की तिथून दोन नवे फुटवे येतात. कोथिंबिरीची आणि पालकाची बाहेरची पानं आधी काढा, मधला कोंब राहू द्या.