टॅबवर फाईल सापडत नाही? या चुका टाळा

ठाण्याच्या नौपाड्यात माझं झेरॉक्स आणि प्रिंटचं दुकान आहे. रोज कोणीतरी टॅब घेऊन येतं आणि काउंटरला उभं राहून स्क्रीन वरखाली करत बसतं, "आत्ता होती ना दादा, सकाळीच उघडली होती". मागे रांग वाढत असते. बहुतेक वेळा फाईल टॅबमध्येच असते, ठेवताना ती कुठे जातेय हे बघितलेलं नसतं.

सगळ्यात वाईट चूक आधी सांगतो. जागा भरली म्हणून ॲप उडवणं. गुरुपौर्णिमेच्या दोन दिवस आधी एक गाण्याच्या क्लासवाल्या ताई आल्या, रडवेल्या झालेल्या. आयपॅडवर चार वर्षं हाताने लिहिलेल्या बंदिशी, स्वरलिपीसकट, एका नोट्सच्या ॲपमध्ये होत्या. स्टोरेज फुल्लचा मेसेज आला, कोणीतरी सांगितलं ॲप काढा आणि परत टाका, यांनी काढलं. त्यांना वाटलं फायली आयपॅडच्या 'फाईल्स' ॲपमध्ये वेगळ्या दिसतात म्हणजे त्या वेगळ्या आहेत. तसं नसतं हो! 'ऑन माय आयपॅड'मध्ये ॲपच्या नावाचा जो फोल्डर दिसतो तो त्या ॲपचाच असतो, ॲप गेलं की तोही जातो, आणि उडवलेल्या फायली जिथे पडून असतात त्या 'रिसेंटली डिलीटेड'मध्येही येत नाही. काढताना आयपॅड विचारतो की डेटाही जाईल, पण तेवढं वाचायला कोण थांबतंय. आयक्लाऊड, म्हणजे ॲपलची नेटवरची जागा, तिचे फुकटचे ५ जीबी फोटोंनी भरलेले, त्यामुळे बॅकअपही बंद. शेवटी मी त्यांना विचारलं, विद्यार्थ्यांना काही पाठवलं होतं का? मग दोन तास दुकानात बसून एकेका पालकाला फोन करून व्हॉट्सॲपवरच्या जुन्या पीडीएफ परत मागवल्या. निम्म्या मिळाल्या. यमन रागाचं पान मिळालं तेव्हा ताईंनी ते तिथेच गुणगुणून बघितलं, सूर बरोबर लिहिलेत ना म्हणून.

जागाच करायची असेल तर सेटिंग्ज, जनरल, आयपॅड स्टोरेज इथे जाऊन 'ऑफलोड ॲप' करा, त्यात ॲप जातं पण त्यातल्या फायली राहतात. आणि महत्त्वाच्या फायली ॲपच्या फोल्डरमध्ये ठेवूच नका, स्वतःचा एक फोल्डर करा. मी तर दर रविवारी दुकान बंद करताना सगळं पेनड्राइव्हवर घेतो. २०१९ पासून आयपॅडलाही पेनड्राइव्ह जोडता येतो, अजून कितीतरी जणांना हे माहीतच नाही.

दुसरी चूक, 'रिसेंट'ला फोल्डर समजणं. आयपॅड असो की अँड्रॉइड, रिसेंट म्हणजे हल्ली उघडलेल्या फायलींची यादी, फायली खऱ्या दुसरीकडेच असतात. लोक तिथे "गर्दी झाली" म्हणून साफसफाई करतात आणि खरी फाईलच उडते, मग आमच्याकडे येतात. आयपॅडवर ३० दिवस ती रिसेंटली डिलीटेडमध्ये असते, त्याच दिवशी बघा, महिनाभराने येऊन काही उपयोग नाही. मी रिसेंटमधून फक्त उघडतो, डिलीट तिथून कधीच करत नाही.

व्हॉट्सॲपवर आलेला कागद नुसता उघडणं म्हणजे सेव्ह करणं नाही. आयपॅडवर शेअर दाबून 'सेव्ह टू फाईल्स' करा आणि खाली कुठला फोल्डर दाखवतोय ते डोळ्यांनी बघा. अँड्रॉइड ११ पासून व्हॉट्सॲपच्या फायली अँड्रॉइड, मग मीडिया, मग कॉम डॉट व्हॉट्सॲप अशा खोल फोल्डरमध्ये असतात, तिथे खणत बसण्यापेक्षा आल्या आल्या कॉपी करून डॉक्युमेंट्समध्ये टाका.

विंडोज टॅबवाल्यांनो, फाईलशेजारी ढगाचं चित्र असेल तर ती तुमच्याकडे नाही, वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या नेटवरच्या जागेत आहे. रेल्वेच्या पारसिक बोगद्यात नेट गेलं की ती उघडणार नाही. घरून निघतानाच फाईलवर बोट दाबून धरा आणि 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' करा. मेमरी कार्ड चालू टॅबमधून ओढून काढू नका. क्लीनर ॲप तर टाकूच नका, शॉर्टकट म्हणून सगळे तेच टाकतात आणि काय उडालं ते कळतही नाही.

नावाचं राहिलं. 'डॉक्युमेंट (३)' हे नाव ठेवून सहा महिन्यांनी शोधणार कसं? घाई असली तरी दहा सेकंद द्या. मी आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि मग काय आहे ते लिहितो, जसं २०२५-०६-१४ लाईटबिल, नावाने लावलं की आपोआप तारखेप्रमाणे लागतं. ताई आता रागाचं नाव आधी आणि तारीख नंतर लिहितात, त्यांच्या कामाला ते जास्त सोयीचं आहे.