मित्रांच्या पैशातून किराणा दुकान टाकताना

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे दुकान टाकायचं ठरलं की भांडवलाला पहिला हात बहुधा मित्रांचाच लागतो. म्हणून गाळा बघण्याआधी मित्रांना एकत्र बसवा आणि प्रत्येकाला विचारा: हे पैसे उसने, की दुकानात वाटा?

उसने असतील तर परतीची तारीख कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. शेतकरी मित्र उसाचं बिल आल्यावर पैसे देईल, पण जूनच्या पेरणीला त्याला ते परत लागतील. तारीख त्याच्या हंगामाप्रमाणे ठरवा. 20,000 रुपये किंवा जास्त उसनवारी रोख घेऊ नका, आयकर कायद्यानुसार तेवढाच दंड होऊ शकतो. यूपीआय किंवा बँकेतून घ्या.

वाटा असेल तर ती भागीदारी. दुकान बुडालं तर उधारीवर माल देणारा व्यापारी आपली सगळी थकबाकी कुठल्याही एका भागीदाराकडे मागू शकतो. पगारदार मित्राला हे आधीच सांगा, त्याचा तो हक्क आहे. भागीदारीपत्रात गल्ल्यावर बसणाऱ्याचा पगार नक्की घाला. सकाळी सातपासून राबणारा आणि फक्त पैसे घालणारा यांना सारखाच नफा मिळाला, तर मैत्री तिथंच तुटते. बाहेर पडणाऱ्याचा हिशेब कसा होणार, तेही लिहा.

मग कागदपत्रं. महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा व्यापार परवाना, अन्न सुरक्षेची नोंदणी, काट्यावर वजनमापाचा शिक्का. दुकान उघडल्यापासून 30 दिवसांत कामगार खात्याकडे नोंदणी. पाटीवर 60 टक्के जागा कन्नडला द्यावी लागते, तेव्हा रंगवायच्या आधीच मोजून घ्या. उरलेल्या जागेत मराठी लिहा. अर्ज कन्नडमध्ये असतात. सराईतपणे कन्नड वाचणारा मित्र इथं पैसे देणाऱ्याइतकाच मोलाचा.

मालाच्या विक्रीत वर्षाला 40 लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. पण सीमेवरची गोष्ट वेगळी: महाराष्ट्रातल्या चंदगड किंवा गडहिंग्लजला करपात्र माल पाठवून विकलात, तर ती आंतरराज्य विक्री होते आणि उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागते.

पहिला माल बेळगावच्या रविवार पेठेतून थोडाच उचला, काय खपतं ते बघून वाढवा.

मित्रांच्या घरची उधारी इतर गिऱ्हाइकांसारखीच वहीत लिहा. त्यांच्या उसन्या पैशातून ती परस्पर वळती करू नका. दोन्ही हिशेब वेगळे ठेवा आणि दर महिन्याला त्यांना दाखवा.