हॅसॉक्स ते लुइस: साउथ डाउन्सच्या माथ्यावरून धावायला निघताना

आधी वाट ठरवा, मग शूजकडे वळा. लंडनहून सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येईल अशी दक्षिण इंग्लंडमधल्या साउथ डाउन्स या टेकड्यांच्या रांगेतली एकच वाट सांगा म्हटलं, तर मी हॅसॉक्स स्टेशन ते लुइस स्टेशन ही सांगेन. अंतर सुमारे १५ किलोमीटर, दोन्ही टोकांना रेल्वे, त्यामुळे गाडी कुठे लावायची हा प्रश्नच नाही. विंचेस्टरपासून ईस्टबोर्नपर्यंत १६० किलोमीटर जाणाऱ्या ‘साउथ डाउन्स वे’ या लांब पल्ल्याच्या वाटेचा एक सुरेख तुकडा यात येतो. दिशा मात्र पश्चिमेकडून पूर्वेकडे अशीच धरा. इथे वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो आणि उघड्या माथ्यावर आडोसा म्हणून काही नसतं. हाच वारा पाठीशी घेऊन धावलात तर दिवस मजेत जातो, तोंडावर घेतलात तर निम्म्या वाटेतच दमछाक होते.

वाट ठरली की नकाशा. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशे काढणाऱ्या सरकारी संस्थेच्या एक्सप्लोरर मालिकेतला ओएल ११ हा १:२५,००० चा नकाशा हवा, कागदी किंवा फोनवर उतरवून घेतलेला. आदल्या आठवड्यात तो घेऊन निवांत बसा. हिरव्या तुटक रेषांपैकी आखूड तुकड्यांची रेष म्हणजे फक्त पायी जाणाऱ्यांची वाट, लांब तुकड्यांची म्हणजे घोडे आणि सायकलींनाही खुली असलेली वाट. जमिनीवर हेच बाणांच्या रंगांत दिसतं: पिवळा बाण पायवाटेचा, निळा घोडेवाटेचा. या वाटा कित्येकदा शेतकऱ्याच्या खासगी जमिनीतून जातात, तरी त्यांवरून जायचा हक्क कायद्याने सगळ्यांना आहे. परक्या देशात कुणाच्या तरी कुरणातून धावताना मनात जो संकोच येतो तो हा नकाशा घालवतो, आणि कुठे पाऊल टाकायचं नाही तेही तोच सांगतो.

एक वळण तर पेन्सिलीने गोल करून ठेवा. साउथ डाउन्स वेच्या खांबांवर ओकच्या फळाचं चिन्ह असतं आणि डिचलिंग बीकन या माथ्यापासून पुढे ते मुकाट्याने पाळायची सवय होऊन जाते. पण ब्लॅककॅप नावाचा उंचवटा यायच्या जरा आधी ती मुख्य वाट उजवीकडे, दक्षिणेला वळून ए२७ महामार्गाच्या दिशेने उतरते. लुइसला जायचं तर चिन्हाचा मोह सोडून सरळ पूर्वेला, ब्लॅककॅपच्या माथ्यावर जायचं. तिथून जुन्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाजवळून गावात उतार लागतो. गप्पांच्या नादात हे वळण चुकणं अगदी सोपं आहे.

आता पायांची तयारी. डिचलिंग बीकन हा या वाटेवरचा सर्वांत उंच माथा, २४८ मीटर. सिंहगड चढणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटेल, आणि नेमकी तिथेच गफलत होते. सह्याद्रीत आपण एकदा चढतो आणि एकदा उतरतो. इथे चढून गेलं तरी वाट सपाट होत नाही, थोडी उतरते, पुन्हा चढते, आणि हे सगळं धावत करायचं असतं. त्यात पहिलीच चढण खडी आहे. डाउन्सची रचनाच तशी: उत्तरेची बाजू एकदम तुटलेली, दक्षिणेची समुद्राकडे हळूहळू कललेली, आणि हॅसॉक्स उत्तरेला आहे. पायथ्याच्या क्लेटन गावापासून माथ्यावरच्या पवनचक्क्यांकडे चढताना चालत जा, त्यात कमीपणा नाही. वेळेचा अंदाज बांधताना दर १०० मीटर चढाईमागे सपाटीवरचं जवळजवळ एक किलोमीटर जास्त धरा. महिनाभर आधीपासून आठवड्यातून एकदा तरी चढ-उताराचा सराव हवा, आणि उताराचा जास्तच, कारण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या उतारांमुळे.

शूज ट्रेल रनिंगचे हवेत. या टेकड्या खडूच्या आहेत, समुद्राच्या तळाशी सूक्ष्म जीवांच्या कवचांचे थर साचून झालेल्या, आणि त्यात ठिकठिकाणी फ्लिंट या गारगोटीसारख्या दगडाचे कठीण, धारदार तुकडे असतात. उन्हाळ्यात वाट कडक होते आणि फ्लिंट तळव्याला टोचतो, म्हणून तळ जाड हवा. पावसानंतर तोच खडू शेवाळलेल्या फरशीसारखा होतो, म्हणून तळाला खोल खाचा हव्यात. दोन्ही ऋतूंसाठी एकच जोडी घ्यायची असेल तर खाचांना महत्त्व द्या. मोजे लोकरीच्या मिश्रणाचे, आणि एक कोरी जोडी पिशवीत.

पाणी घरूनच भरून घ्या, निदान एक लिटर, उन्हाळ्यात दीड. खडूत पाणी ठरत नाही, मुरून जातं, त्यामुळे माथ्यावर ओढे-झरे नाहीत. गावं सगळी पायथ्याला, जिथे झरे फुटतात तिथे वसलेली. बीकनच्या आसपास गोल तळी दिसतील. ती गुराढोरांच्या पाण्यासाठी माणसांनी केलेली आहेत, त्यातलं पाणी पिऊ नका. बीकनच्या वाहनतळावर आइस्क्रीमची गाडी उभी असते पुष्कळदा, पण तिच्या भरवशावर निघू नका. खायला राजगिऱ्याची चिक्की आणि खजूर माझ्या मते धावपटूंच्या कुठल्याही एनर्जी जेलपेक्षा सरस. चिक्की थंडीत दगड होते, म्हणून घरीच तुकडे करून घ्या. सोबत चिमूटभर मीठ-साखरेची पुडी.

कपड्यांत एकच गोष्ट सोडू नका: वारा अडवणारं पातळ जॅकेट, जूनमध्येसुद्धा. समुद्रावरून धुकं आत आलं की पंधरा मिनिटांत गारठा चढतो. हवामान मेट ऑफिस या ब्रिटनच्या हवामान खात्याच्या अंदाजात पाहा, ब्रायटन शहराचं न पाहता माथ्याचं पाहा, आणि पावसाइतकंच वाऱ्याच्या झोतांकडे लक्ष द्या. उजेडाचं गणितही घाला. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत सूर्य असतो. डिसेंबरमध्ये चारच्या सुमारास मावळतो, तेव्हा हॅसॉक्सहून दहाच्या आत निघा आणि हेडटॉर्च ठेवा.

यानंतरची तयारी मनाची, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. माथ्यावर गाई-मेंढ्या चरत असतात आणि वाट सरळ त्यांच्यामधून जाते. फाटक जसं होतं तसं ठेवा: बंद असेल तर खिट्टी बसल्याचा आवाज येईपर्यंत थांबा, उघडं असेल तर उघडंच. शेतकऱ्याने ते जनावरांना पाण्यापर्यंत जाता यावं म्हणून उघडं ठेवलेलं असू शकतं. गाईंजवळून धावू नका, चालत आणि लांबून वळसा घालून जा. वासरं सोबत असतील तर आणखी लांबून. गाय आणि वासरू यांच्या मध्ये कधीही सापडू नका. कुत्रा बरोबर असेल तर पट्टा लावा, पण गाय अंगावर आलीच तर पट्टा सोडून द्या, कुत्रा आपली वाट काढतो. घोडा मागून गाठताना दुरूनच मोठ्याने ‘हॅलो’ म्हणा, चालीवर या आणि स्वाराने खूण केल्यावरच पुढे जा. धावणाऱ्याच्या पायांचा अचानक आलेला आवाज घोड्याला बिथरवतो.

क्लेटनच्या वर दोन पवनचक्क्या आहेत, जॅक आणि जिल. पांढरी जिल १८२१ मध्ये ब्रायटनला बांधली गेली आणि १८५२ मध्ये बैल लावून टेकडीवर ओढत आणली. इथे पाच मिनिटं श्वास घ्या आणि ठरवा: अंगात आणखी पाचेक किलोमीटर आहेत का? असतील तर माथ्यावरून दक्षिणेला उतरणाऱ्या वाटेने ‘छत्री’ या स्मारकाला जाऊन या. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या हिंदी सैनिकांवर ब्रायटनमध्ये उपचार झाले, राजवाड्याचंच रुग्णालय केलं होतं. त्यांपैकी ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचे अंत्यसंस्कार या टेकडीवर झाले. त्या जागी उभारलेल्या संगमरवरी स्मारकाचा आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या वास्तुरचनाकाराने केला आणि १९२१ मध्ये त्याचं अनावरण झालं. शेजारच्या दगडी भिंतीवर त्या ५३ जणांची नावं आहेत. घड्याळ थांबवा आणि ती वाचा. आपल्याकडच्या माणसाने इथपर्यंत येऊन हे न पाहता जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. दिवसाच्या आखणीत त्यासाठी वेळ आधीच धरून ठेवा, म्हणजे नंतर गाडीची घाई होत नाही.

आदल्या रात्री रेल्वेचं वेळापत्रक पुन्हा पाहा, रविवारी तर नक्कीच. रुळांच्या कामामुळे गाडीऐवजी बस असण्याचा प्रकार इथे नेहमीचा. जाण्याचं आणि परतीचं स्टेशन वेगळं आहे, म्हणून तिकीट दोन्हींना चालतं का तेही तपासा. फोन पूर्ण चार्ज, वाट ऑफलाइन उतरवलेली, घरच्या कुणाला तरी वाट आणि परतीची वेळ कळवलेली. पिशवीत शिट्टी आणि गारठ्यात अंगाभोवती गुंडाळायच्या चंदेरी फॉइलची घडी. संकटात मिनिटाला सहा वेळा शिट्टी वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. ९९९ या आपत्कालीन क्रमांकाला फोन लागला तर नकाशावरचा ग्रिड क्रमांक, म्हणजे आपली नेमकी जागा दाखवणारा चौकटींचा आकडा, सांगता आला पाहिजे. तो वाचायचा सराव घरी सोफ्यावरच करून ठेवा.

लुइसला उतरलात की हाय स्ट्रीटवरून स्टेशनकडे उतार आहे. कोरडे मोजे तिथेच बदला. घरी पोचल्यावर अंघोळीच्या वेळी गोचिडी शोधा: गुडघ्यांमागे, जांघेत, काखेत, केसांत. उंच गवतातून आलात तर ही पायरी गाळू नका, कारण गोचिडीतून लाइम रोग होऊ शकतो. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि न पिळता सरळ वर ओढून काढा, मग जागा साबणाने धुवा. पुढचे काही आठवडे त्या जागेवर लक्ष ठेवा. गोल पसरत जाणारा चट्टा किंवा ताप दिसला तर जीपीकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडे जा, आणि गोचीड चावल्याचं आपणहून सांगा.