जुन्या हॉलिवूडमधील संकलकांवर लिहिताना या चुका टाळा

चित्रपटाच्या इतिहासावर लिहिताना दिग्दर्शक आणि नट-नट्यांना पानेच्या पाने मिळतात; संकलकाच्या वाट्याला दोन-चार ओळी येतात आणि त्यांतही ठरावीक चुका शिरतात. हॉलिवूडमधील संकलक मार्गारेट बूथ यांची कारकीर्द समोर ठेवली, तर त्यांतील बहुतेक चुका लक्षात येतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे श्रेयनामावलीत नाव दिसेनासे झाले की काम थांबले, असे मानणे. बूथ १९३९ मध्ये एमजीएम स्टुडिओच्या पर्यवेक्षक संकलक झाल्या आणि १९६८ पर्यंत तेथे राहिल्या. या काळात पडद्यावर त्यांचे नाव क्वचितच येते, त्यामुळे केवळ चित्रपटांची यादी पाहून लिहिणारा त्यांना चाळिशीतच निवृत्त करून मोकळा होतो. अर्थात, स्टुडिओचा प्रत्येक चित्रपट त्यांनीच कापला असे लिहिणेही तितकेच चुकीचे आहे, कारण त्यामुळे संकलनाच्या मेजाशी प्रत्यक्ष बसलेल्या संकलकाचे श्रेय हिरावले जाते.

दुसरी चूक साधनांची. मूव्हिओला हे फिल्म चालवून पाहत संकलन करण्याचे यंत्र १९२४ मध्ये आले; बूथ यांनी दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्याकडे फिल्मचे तुकडे जोडण्यास सुरुवात केली ती १९१५ च्या सुमारास. तेव्हा फिल्म हातात धरून उजेडासमोर पाहावी लागे. निगेटिव्हच्या कडेला क्रमांक नसत, त्यामुळे प्रिंटमधील हालचाल निगेटिव्हशी निव्वळ डोळ्यांनी जुळवावी लागे. नायिकेचा चेहरा जवळून टिपलेला, फुटामागून फूट जवळपास सारखाच, अशा वेळी निगेटिव्हवरचा सुईच्या टोकाएवढा एखादा ठिपका सापडला, तरच जागा बरोबर असल्याची खात्री पटे. हे कष्ट ठाऊक नसले की ‘तेव्हाचे संकलन प्राथमिक होते’ असे वाक्य सहज लिहिले जाते. ते मला फार खटकते.

मराठीत आणखी एक अडचण आहे. आपले क्रियापद लिंग विचारते आणि नुसते आडनाव दिसले की हात आपोआप ‘संकलक म्हणाला’ असे लिहून जातो. मूकपटांच्या काळात या कामात स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. पुढे दिग्दर्शिका झालेल्या डोरोथी आर्झनर त्यांपैकीच एक. पूर्ण नाव मिळेपर्यंत वाक्याची रचना बदलावी.

सालांचा घोळ टाळण्यासाठी पुरस्काराचे वर्ष आणि सोहळ्याचे वर्ष वेगळे नोंदवावे: बूथ यांचा मानद ऑस्कर १९७७ सालासाठीचा, पण तो दिला गेला एप्रिल १९७८ मध्ये. रिळांवरून लांबी काढतानाही सावध राहावे. ३५ मिमी फिल्मचे हजार फुटांचे रीळ सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने सुमारे ११ मिनिटे चालते, तर १६ चौकटींच्या वेगाने सुमारे पावणेसतरा मिनिटे.

मूकपटाच्या संकलकाचे नाव कोठेच सापडत नसेल, तर त्या वर्षांची चित्रपट-व्यवसायाची नियतकालिके आणि स्टुडिओचे कागद चाळावेत. तेथेही ते मिळाले नाही, तर दिग्दर्शकाचे नाव त्या जागी घालू नये. रकाना रिकामा ठेवावा.